आयत्या वेळचे विषय

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘गावातले बोलणे’ असा विषय नेमून दिला, तेव्हा माझ्या मनात प्रथम आला तो देवळाचा पार, मग विहिरीचा काठ, आणि मग सकाळच्या एस्टीची वाट पाहत ताटकळणारा फाटा; परंतु या साऱ्या ठिकाणचे बोलणे वाऱ्यावर जाते, आणि गावातले जे एकमेव बोलणे कायद्याने कागदावर उतरवावे लागते, ज्याला विषयपत्रिका असते, सूचक व अनुमोदक असतात आणि ज्याच्याखाली सह्या नि अंगठे घेतले जातात, ते ग्रामसभेचे बोलणे आपण उभ्या आयुष्यात दोन-तीनदाच ऐकले आहे, हे ध्यानात येऊन मी काहीसा ओशाळलो. म्हणून वऱ्हाडात गेलो. आणि वऱ्हाडातही वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड या गावी.

केनवडच का, असे पुष्कळांनी विचारले. ग्रामसभा म्हटली की व्याख्यानांतून दोन नावे ठरलेली असतात: एक नगर जिल्ह्यातले हिवरेबाजार, जिथे १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पाण्यापासून पिकापर्यंतचे निर्णय गावाने एकत्र बसून घेतले, आणि दुसरे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा, जिथे एकाचाही विरोध असेल तोवर निर्णय पुढे ढकलून बोलणे चालूच ठेवण्याचा शिरस्ता पडला आहे. ही दोन्ही गावे थोरच आहेत. पण थोर गावांवरून गावांची कल्पना येत नाही, जशी संतांच्या चरित्रांवरून शेजाऱ्यांची येत नाही. महाराष्ट्रात सुमारे २८,००० ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींवर कुणी चित्रपट काढलेला नाही. मला त्यांपैकी एखादीच्या ओट्यावर बसायचे होते.

केनवड मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. मी गेलो ते गांधी जयंतीच्या आगेमागे. काळ्या भुईवर पुष्कळसे सोयाबीन सोंगून झाले होते, शेताशेतांतून त्याच्या सुड्या ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या होत्या, मळणीयंत्राचा भुसा अंगावर घेत माणसे राबत होती, आणि मधल्या तासांतली तूर अजून हिरवीगार, आपली पाळी यायला अवकाश आहे अशा थाटात उभी होती. इथे एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो: पुढे मी जे लिहिणार आहे ते केनवडच्या निमित्ताने सुचले असले तरी ते एकट्या केनवडचे नाही, आणि त्यात कुठे दोष दिसला तर तो या गावाच्या खाती मांडू नये.

ग्रामसभेची नोटीस राज्यभर एकाच भाषेत लिहिलेली असते. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग जमाखर्चास मंजुरी, मग शासनाची परिपत्रके वाचून दाखविणे, मग निरनिराळ्या योजनांचे लाभार्थी निवडणे, मग विकास आराखडा. आणि सर्वांत शेवटी, जणू काही राहून गेले असेल तर असावे म्हणून, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. नोटिशीतले सारे विषय वरून आलेले असतात. गावाचे म्हणून जे काही असते, ते या शेवटल्या ओळीत असते. हा लेख त्या एका ओळीविषयी आहे.

सुडीच्या दिवसांत सभा

कायद्याने आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि पूर्वापार प्रघाताने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होत आल्या. या तारखा राष्ट्राच्या दृष्टीने अत्यंत शुभ आहेत. शेताच्या दृष्टीने त्या कुणी पाहिल्या असतील असे वाटत नाही. दोन ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनच्या सोंगणीचा ऐन भर, आभाळ भरून आले तर वर्षाचे पीक मातीला मिळेल या धास्तीने घरातली धाकटी पोरसुद्धा शेतात. एक मे म्हणजे वऱ्हाडचे ते ऊन, ज्यात कुत्रेही सावली सोडत नाही. पंधरा ऑगस्टला फवारणी आणि निंदण. राहता राहिला जानेवारी. तेव्हा तूर घरात आलेली असते, हरभरा दाणे भरीत असतो, लग्नांचा बैठा काळ असतो, आणि झेंडावंदनाला आलेला माणूस पाऊण तास अधिक बसायला कुरकुरत नाही. वर्षातल्या चार सभांपैकी खरी सभा ही एकच, असे मला वाटते.

गणपूर्तीचा नियम असा की एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती हजर पाहिजे. केनवडसारख्या मोठ्या गावाला शंभर. ऐकायला संख्या लहान आहे. पण ज्याने कधी शंभर माणसे एका ओट्यावर, कामाच्या दिवशी, जेवणावळीचे आमंत्रण न देता जमविण्याचा उद्योग केला असेल, त्यालाच तिची उंची कळेल. सात दिवस आधी नोटीस लागते, दवंडी होते, हल्ली दवंडीच्या जोडीला मोबाइलवर निरोपही जातो. तरी ठरल्या वेळी सतरंजीवर वीस-पंचवीस माणसे असतात, त्यांतली निम्मी सदस्यांच्या घरची, आणि उरलेल्यांत दोन-तीन असे वृद्ध की जे कुठल्याही सभेला येतात, कारण सभा त्यांना आवडते.

मग सभा तहकूब होते. तहकूब हा शब्द मोगलाईतून आला आणि वऱ्हाडाने तो मायेने जपला. ‘सभा तहकूब झाली’ हे वाक्य म्हातारीच्या तोंडूनही सहज येते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीचे बंधन राहत नाही, आणि इथवर सर्वांना ठाऊक असते. जे फारसे ठाऊक नसते ते पुढचे: तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवा विषय काढता येत नाही. म्हणजे शंभर माणसे आली नाहीत की गावाचा जो एकुलता एक दरवाजा, आयत्या वेळच्या विषयांचा, तो आपोआप लागतो, आणि वरून आलेले विषय तेवढे दहा-पंधरा जणांच्या साक्षीने मंजूर होऊन जातात. शेतात सुडी लावीत बसलेल्या माणसाला संध्याकाळी कुणी विचारले की सभा झाली का, तर उत्तर मिळते, ‘झाली ना जी.’ ते खोटे नसते.

पांदण

आयत्या वेळी कोणता विषय निघतो, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. वऱ्हाडच्या काळ्या भुईत वर्षानुवर्षे निघत आलेला विषय पांदणीचा. लोक पांधन म्हणतात. गावठाणातून शिवाराकडे, दोन बाजूंच्या बांधांमधून जाणारी ही वाट गावनकाशावर रेघांनी दाखविलेली असते, वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असते, आणि तरीही भुईवर ती दरसाल अरुंद होत जाते. कारण दोन्ही बाजूंचा शेतकरी पेरणीच्या वेळी एकेक तास आत सरकतो. एका तासाने काय होते? तीस वर्षांत बैलगाडीचा रस्ता पायवाट होतो, आणि पायवाटेची पुढे आठवण तेवढी उरते.

कोरड्या दिवसांत हे खपून जाते. पण काळी माती एकदा भिजली की पावलाला शेरभर चिकटते, ट्रॅक्टर रुतून बसतो, मळणीयंत्र शेतापर्यंत पोचत नाही, आणि ज्याचे शेत पांदणीच्या टोकाला असते तो आपले सोयाबीन डोक्यावरून रस्त्याला आणतो किंवा सुडी लावून, देवावर हवाला ठेवून, चिखल वाळण्याची वाट पाहतो. तेवढ्या दिवसांत भाव उतरतो, दाणा भिजतो, कधी सुडीला आगही लागते. शहरात रस्ता खराब असला म्हणजे कामावर पोचायला उशीर होतो. इथे त्याच कारणाने वर्षाची मिळकत शेतात अडकून पडते. म्हणून पांदणीचा विषय निघाला की सभेचा आवाज चढतो, आणि जो इतर वेळी खाली मान घालून बसलेला असतो तोही उभा राहून म्हणतो, ‘पांधन मोकळी करून द्या, मंग घरपट्टी मांगा.’

अडचण ही की पांदण मोकळी करण्याचा अधिकार ग्रामसभेपाशी नाहीच. अडविलेली वाट खुली करून देण्याचे काम १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराकडे आहे. नवी वाट बांधावरून मागायची तर १९६६ च्या महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे, तेही तहसीलदारासमोरच चालते. मोजणी भूमी अभिलेखाची, माती-मुरूम रोजगार हमीचा. २०२१ पासून ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते’ या नावाची योजना आहे, पण तीही रोजगार हमीशी बांधलेली, आणि हमीच्या कामात मजुरी व साहित्य यांचे ६० आणि ४० असे प्रमाण राखावे लागत असल्याने, जिथे काम यंत्राने दोन दिवसांत उरकते तिथे हजेरीपटाचा हिशेब आधी जुळवावा लागतो. एवंच, ग्रामसभेने ठराव करायचा, तो रिसोडला पाठवायचा, आणि रिसोडहून काय येते ते पाहायचे.

तथापि ग्रामसभेच्या हाती एक गोष्ट असते, जी तहसीलदाराच्या हाती नसते. पांदण शेवटी मोकळी होते ती दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी सरकून घेतलेला तास सोडला म्हणजे, आणि तास सोडण्याची कबुली माणूस नोटिशीच्या उत्तरात देत नाही. तो ती चारचौघांत देतो, जेव्हा त्याच्या चुलतभावाने, त्याच्या सोयऱ्याने आणि ज्याच्याशी त्याचे दहा वर्षे बोलणे नाही त्या शेजाऱ्याने त्याच्याकडे एकाच वेळी पाहिलेले असते. मंडळ अधिकाऱ्याच्या पंचनाम्याने जे वर्षभर होत नाही ते अशा एका क्षणात होऊन गेलेले जुनी माणसे सांगतात, आणि मग कारकुनाने तेवढ्यात संमतिपत्रावर सही घेतली तर ठीक, नाहीतर सकाळपर्यंत माणूस पुन्हा बांधावर उभा असतो.

ई-क्लास आणि ड यादी

दुसरा विषय घराचा, आणि त्याच्या मागोमाग जमिनीचा. विदर्भात सरकारी चराऊ-पडीक जमिनीला ई-क्लास म्हणतात; मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात जिला गायरान म्हणतात ती हीच. इंग्रजी अमदानीतल्या वर्गवारीचे एक अक्षर वऱ्हाडी जिभेवर असे बसले आहे की गुराख्यालाही ते परके वाटत नाही. गुरे कमी झाली, ट्रॅक्टर आले, आणि ज्यांना गावठाणात जागा उरली नव्हती त्यांनी ई-क्लासवर झोपड्या घातल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, त्याच वर्षी राज्यानेही निर्णय काढला. तेव्हापासून ई-क्लासवर राहणाऱ्या माणसाची स्थिती अशी की तो ग्रामपंचायतीला घरपट्टी भरतो, नमुना ८ च्या उताऱ्यावर त्याचे नाव असते, विजेचे बिल त्याच्या नावे येते, आणि जमीन मात्र त्याची नसते.

घरकुल मिळायचे तर पायाखाली स्वतःची जागा हवी. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात घराला १,२०,००० रुपये मिळतात, त्यावर हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० निराळे. बांधकाम किमान २६९ चौरस फुटांचे. पैसा टप्प्याटप्प्याने, जोत्याचा फोटो, खिडकीच्या उंचीचा फोटो, छताचा फोटो, असा मोबाइलवरून स्थळासह वर गेल्यावर खात्यात येतो. या सर्वांच्या आधी यादीत नाव पाहिजे, आणि त्या यादीला गावोगाव एकच नाव आहे, ‘ड यादी’. प्रपत्र ड वरून पडलेले हे नाव. वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही ओट्यावर कुणी सरकारी दिसणारा मनुष्य बसला (मी टोपी घालतो, त्यामुळे मीही तसा दिसत असेन) की पाचव्या मिनिटाला एखादी बाई येऊन विचारते, ‘ड यादीत नाव हाये का पाहा ना जी.’ नाव असले तरी ते कितवे आहे हे पाहावे लागते, आणि यादी नंबरानेच पुढे सरकत असल्याने कुणाच्या घराचा पाया त्याच्या नातवाच्या मुंजीत पडेल, याचे गणित गावातली शाळकरी पोरेही करू शकतात.

या यादीवर ग्रामसभेचा अधिकार खरा आणि मोठा आहे: ज्याचे पक्के घर आहे त्याचे नाव काढणे, पात्र आणि अपात्र ठरविणे, हे सभेत वाचून व्हावयाचे असते. पण भरल्या सभेत शेजाऱ्याचे दुमजली घर दाखवून ‘याचे नाव काढा’ असे म्हणणारा माणूस क्वचितच निघतो. गावात एकमेकांच्या दारावरून रोज जायचे असते. त्यामुळे तक्रार सभेत तोंडी होत नाही. ती चार दिवसांनी, निनावी, पंचायत समितीच्या पेटीत पडते. लोकशाही म्हणजे उघड बोलणे, असे आपण पुस्तकात वाचतो. ते पुस्तक लिहिणारा बहुधा शहरात राहत असावा, जिथे शेजाऱ्याशी भांडण करूनही दूध मिळते.

हाजीर मजालस

गावाने एकत्र बसून ठरविणे ही काही कालची गोष्ट नाही, असे आपल्याला सांगतात आणि ते खरे आहे. मराठेशाहीतल्या वतनाच्या, हद्दीच्या, मानपानाच्या तंट्यांत गोतसभा बसत असे. निवाडा महजरावर लिहिला जाई. आणि महजराच्या आरंभी ‘हाजीर मजालस’ म्हणून कोण कोण उपस्थित होते त्यांची नावे येत, पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी: पाटलाच्या नावापुढे नांगर, कारागिराच्या नावापुढे त्याच्या धंद्याचे हत्यार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा ही व्यवस्था खिळखिळी झालेली होती आणि तिच्या उणिवा त्यांनी झाकल्या नाहीत.

त्या उणिवांबद्दल सर्वांत परखड बोलले ते डॉ. आंबेडकर. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना, राखीव प्रतिनिधित्वावाचून पंचायत म्हणजे अस्पृश्यांना गावाच्या हवाली करणे होय, या भूमिकेतून त्यांनी विरोध केला. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना परिषदेत, खेडे म्हणजे स्वयंपूर्ण प्रजासत्ताक या गोऱ्या साहेबांनी रूढ केलेल्या व आपल्या लोकांनी आनंदाने उचललेल्या कल्पनेची त्यांनी जी कानउघाडणी केली, ती वाचून आजही गावाचे गोडवे गाणाऱ्याचा हात जरा थबकावा. हाजीर मजालशीत स्त्री नव्हती, आणि वेशीबाहेरचा माणूस निशाणी करण्यापुरता होता.

वऱ्हाडचा इतिहास तर आणखी निराळा. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपविला. वाशिम हा पुढे स्वतंत्र जिल्हा झाला, तो १९०५ साली मोडून बराचसा अकोल्यात घातला गेला, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा निराळा निघाला. मधल्या काळात मध्य प्रांतातले १९२० आणि १९४६ चे पंचायत कायदे आले, राज्यपुनर्रचनेनंतर मुंबईचा १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वसंतराव नाईकांच्या समितीच्या अहवालावरून १९६२ मध्ये जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभा हा शब्द राज्यघटनेत गेला. राखीव जागा आल्या. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. आंबेडकरांच्या १९३२ च्या आक्षेपाला कायद्याने उत्तर मिळायला अशी साठ वर्षे लागली. भुईवर ते किती उतरले, हे सरपंचबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे ते पाहून ठरवावे.

परंतु महजराची एक गोष्ट मला राहून राहून आठवते. आधी हकीकत लिहिली जाई, वाचून दाखविली जाई, आणि मग निशाण्या होत. आज उलटे आहे. माणूस सभेला आला की हजेरीच्या रकान्यात त्याची सही आधी घेतली जाते. सभा होते, माणसे उठून जातात. आणि ठराव पुढे सवडीने, दप्तरात बसून लिहिले जातात.

आडवी बाटली

प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदा आहे. ती बहुधा पंधरा मिनिटांत आटोपते. पण एका विषयावर मात्र स्त्रिया अशा जमतात की गणपूर्तीची चिंता करावी लागत नाही, आणि तो विषय दारूच्या दुकानाचा. गावातल्या स्त्री मतदारांपैकी २५ टक्के जणींनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. आणि एकूण नोंदलेल्या स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. हजर असलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, नोंदलेल्यांपैकी. जी नाशिकला ऊसतोडीला गेली, जी मुंबईला मुलाकडे राहते, जी मेली पण यादीत आहे, त्या सर्वांची मते आपोआप उभ्या बाटलीला पडतात. आमदार-खासदार निवडताना आपण अशी अट कधी घातली नाही. घातली असती तर सभागृहे ओस पडली असती.

ग्रामसभेचा ठराव कायद्याने फारसा बळकट नसला तरी कधी कधी तो फार दूर जातो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि पंधरवड्याच्या आत शासनाने तोच कित्ता साऱ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवायला आरंभ केला. पुसद तालुक्यातल्या बान्सीने अठरा वर्षांखालील मुलांच्या हातात मोबाइल नको असे ठरविले. आणि २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याने आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड सांगितला. यांतले किती टिकले हा प्रश्न वेगळा. पण एक लक्षात घेण्याजोगे आहे: या चारही ठरावांपैकी एकही वरून आलेल्या विषयपत्रिकेत असणे शक्य नव्हते. त्यांना पैसाही लागला नाही. जिथे पैसा लागतो तिथली गोष्ट अशी की पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिलेला आहे. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर, १५ मागासवर्गीयांवर, ५ दिव्यांगांवर खर्चावे लागतात, आणि हे सर्व रास्तच आहे. परंतु घरपट्टीची वसुलीच जिथे रडतखडत होते तिथे दिवाबत्ती आणि नालीसफाई उरकली की आराखड्यातल्या मोठाल्या आकड्यांकडे सभेने आदराने पाहावे, एवढेच उरते.

वही

आता एक जुनी गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. मी अठरा वर्षांचा झालो त्या वर्षीची. ग्रामपंचायतीचा शिपाई संध्याकाळी लांबट वही घेऊन घरोघर फिरत असे, आणि ज्यांना सही करता येते त्यांच्याविषयी त्याला विशेष प्रेम असे, कारण अंगठ्याची शाई त्याच्या बोटांना लागे. मतदारयादीत नाव लागल्याच्या आनंदात मी कंदिलाच्या उजेडात झोकदार सही ठोकली. वरचे पान कोरे होते. मला वाटले हजेरी असेल. दीड वर्षाने खालच्या आळीला मंजूर झालेली सार्वजनिक विहीर वरच्या आळीत, एका वाड्याच्या आवारालगत खणली गेली, आणि खालच्या आळीची माणसे विचारायला गेली तेव्हा त्यांना वही दाखविण्यात आली. जागा बदलण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर होता. खाली एकवीस सह्या होत्या, आणि त्यांत सर्वांत ठळक माझी. त्या आळीतला माझा वर्गमित्र मला काही बोलला नाही. त्याची आई आणखी बरीच वर्षे चढण चढून पाणी नेत असे आणि मी ते पाहत असे.

म्हणून केनवडहून परतताना मला भाषणे आठवत नव्हती. आठवत होती ती वही. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. लोक त्यांना ग्रामसेवक आणि तलाठीच म्हणतात. दाखले संगणकावर निघतात, पैसा खात्यात जातो, आराखडा संकेतस्थळावर चढतो. पण गावाने काय म्हटले याचा पुरावा अजून त्या लांबट वहीतच आहे. पांदणीबद्दल उठलेला आवाज, ड यादीवरचा दबलेला आक्षेप, बाटलीबद्दलचा संताप, यांतले जे त्या वहीत ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली, सूचक-अनुमोदकाच्या नावांसह उतरले, तेवढेच रिसोडच्या पंचायत समितीला ऐकू जाते; जे उतरले नाही ते बोललेच गेले नव्हते. चांगले बोलणारे मला गावोगाव भेटले. सभा संपल्यावर घटकाभर मागे थांबून ‘ते लिहिलं का?’ असे विचारणारे दोघेच भेटले. त्यांतली एक बचत गटाची हिशेब ठेवणारी बाई होती, जिला वहीत न लिहिलेला पैसा कसा नाहीसा होतो हे अनुभवाने कळले होते.

हा अंक पुण्या-मुंबईच्या घरांत अधिक वाचला जाईल आणि त्यांतल्या पुष्कळांची नावे अजूनही गावच्या मतदारयादीत आहेत. ज्याचे नाव त्या यादीत आहे तो ग्रामसभेचा सदस्य आहे. त्याला निराळे निमंत्रण लागत नाही. दिवाळीला गावी जाल तेव्हा कार्यालय उघडे असलेल्या दिवशी जा आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचायला मागा. विषय क्रमांक १ त्याचाच असतो आणि तो वाचल्यावाचून कायम होण्याची सवय त्याला लागली आहे. शेवटची ओळ आधी पाहा. पुढची सभा बहुधा २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर असेल.